संथ सिनेमा आणि मोसंबीचा ताण

"सिनेमा चांगला असेल हो, पण लय संथ आहे. आपल्याकडं कोण पाहणार?"

गेल्या दीड-दोन वर्षांत, वेगळ्या वाटेचे म्हणतात तसले बरेच चित्रपट मी पाहिले. काही छत्रपती संभाजीनगरच्या अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सवात, एखाददुसरा थिएटरात, बाकीचे रात्री जेवणं उरकल्यावर घरी. त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकाविषयी जालन्यात कोणी ना कोणी मला हे वाक्य ऐकवलं. ऐकवणारे बियाण्याचे व्यापारी होते, प्राध्यापक होते, वकील होते. म्हणजे वाचणारी-लिहिणारी माणसं. वाक्य साधं आहे, पण त्याच्या पोटात दोन समजुती आहेत. पहिली अशी की संथपणा हा या चित्रपटांचा दोष आहे, दिग्दर्शकाला आटोपतं घेता आलं नाही म्हणून राहून गेलेला. दुसरी अशी की 'आपल्याकडचा' माणूस, म्हणजे अंबड-घनसावंगीचा, भोकरदन-जाफराबादचा माणूस, असल्या चित्रपटापुढे टिकायचा नाही.

दोन्ही समजुती मला उथळ वाटतात. ज्याला संथपणा म्हणून आपण बाजूला सारतो, तोच बहुतेक वेळा या चित्रपटांचा विषय असतो. ते वाट पाहण्याविषयीचे चित्रपट आहेत. अधिक नेमकं सांगायचं तर, वाट पाहायला कोणाला लावलं जातं आणि कोणाला लावलं जात नाही, याविषयीचे. आणि वाट पाहणं ज्याला ठाऊक नाही असा माणूस या जिल्ह्यात दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही. माझं म्हणणं टप्प्याटप्प्यानं मांडतो.

१. 'कळणारे' आणि 'न कळणारे'

'आपल्याला नाही बुवा कळत' म्हणणारा आणि 'मला कळतो' म्हणून मिरवणारा, हे दोघं एकमेकांचे विरोधक वाटतात. खरं तर दोघांचा गुरू एकच, शाळेतला मराठीचा पेपर. 'कवीला या ओळींतून काय सुचवायचे आहे?' हा प्रश्न आपल्या अंगात इतका मुरला आहे की पडद्यावर थोडा वेळ काही घडलं नाही, की आपण उत्तर शोधायला लागतो. उत्तर सापडलं नाही तर चिडतो, सापडलं तर फुशारतो.

उमेश कुलकर्णींचा 'विहीर' (२००९) मी परवा पुन्हा पाहिला. सोबत बसलेल्या मित्रानं मध्येच विचारलं, "विहीर म्हणजे इथं नेमकं काय?" त्याला मृत्यू, काळ, आत्मा असं काही तरी हवं होतं. चित्रपटात समीर आणि नचिकेत ही नात्यातली दोन पोरं आहेत. नचिकेत विहिरीत जातो आणि समीर त्याला लपाछपीत लपलेल्या भावासारखा शोधत राहतो. विहीर म्हणजे तिथं विहीरच आहे. आमच्याकडं तर विहिरीला कशाचं प्रतीक व्हायला सवडच नसते. तिला किती परस पाणी आहे एवढंच लोक विचारतात. त्या चित्रपटातून माझ्यापाशी काही राहिलं असेल तर ते शोधण्यात गेलेल्या दिवसांचं वजन. त्याचा अर्थ सांग म्हटलं तर मला सांगता यायचा नाही, आणि सांगायची गरजही वाटत नाही.

दुसऱ्या टोकाला बक्षिसांची यादी पाठ असणारे रसिक आहेत. चैतन्य ताम्हाणेंच्या 'कोर्ट'ला २०१४ साली व्हेनिसमध्ये दोन पुरस्कार मिळाले, पुढं राष्ट्रीय पुरस्कारात तो सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, भारतातर्फे ऑस्करला गेला. हे सगळं सांगणाऱ्या चारजणांना मी चित्रपटातल्या न्यायाधीशांचं आडनाव विचारलं. एकालाही आठवेना. पोथी डोक्याला लावून देव्हाऱ्यात ठेवतात, तशी काही चित्रपटांना आपण पुरस्कारांची हळद-कुंकवं वाहून ठेवली आहेत.

मुद्दा इतकाच की हे चित्रपट सोडवायचं गणित नाही. तो काही काळ काढायचा प्रसंग आहे. आणि एकदा काळाचा प्रश्न आला की लगेच दुसरा येतो: कोणाचा काळ?

२. कापून टाकलेला वेळ कोणाचा असतो?

लोकप्रिय चित्रपटातला नायक सातबारा काढायला गेला, तर एका शॉटमध्ये तो कार्यालयाच्या पायरीवर असतो आणि पुढच्या शॉटमध्ये कागद त्याच्या हातात असतो. नाही तर मधे तो कारकुनाची गचांडी धरतो. दोन्हींत बाकड्यावरचे चार तास गायब होतात. 'तलाठी साहेब मीटिंगला गेलेत', 'सर्व्हर डाऊन आहे', 'उद्या या' हे सगळं कात्रीनं जातं. आपण म्हणतो, बरं झालं, ते कंटाळवाणंच होतं.

पण आयुष्यातही ही कात्री काही लोकांच्या हातात असतेच. त्यांचा आधी फोन गेलेला असतो, त्यांचा माणूस सही घेऊन येतो, त्यांच्या गाडीला फाटक उघडं मिळतं. बाकीच्यांचं आयुष्य न कापलेलं असतं. टँकर, एसटी, पीकविमा, कापसाचा काटा, कोर्टाची तारीख, नळाला पाणी येण्याचा वार, आणि जूनमध्ये आभाळ. आमच्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालन्याहून मुंबईसाठी वंदे भारत सुटली. वेग आला यात वाद नाही, आणि तो मला हवाही आहे. पण समृद्धीच्या पुलाखालून जाणाऱ्या गाडीवाटेनं जो बैलगाडी हाकतो, त्याच्या दिवसातला एक तासही त्या वेगानं कमी झालेला नाही. वेग हा आमच्यावरून जातो.

म्हणून मला वाटतं की चित्रपटातला लांबलेला शॉट हा वर्गाचा प्रश्न आहे. जो दिग्दर्शक वाट पाहणं कापत नाही, तो वाट पाहणाऱ्याच्या बाजूला बसतो. मणि कौल यांच्या 'उसकी रोटी'ची (१९७०) कथा मोहन राकेश यांची. पंजाबातली एक बाई, नवरा बसचा ड्रायव्हर, आणि ती रस्त्याच्या थांब्यावर त्याच्यासाठी भाकरी घेऊन उभी. एवढंच. सरकारी फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या पैशातून झालेल्या या चित्रपटाची पन्नास वर्षं टवाळी चालली आहे. ती करणाऱ्यांपैकी कितीजण कधी तिठ्यावर उन्हात तीन तास एसटीची वाट पाहत उभे होते, हे विचारावंसं वाटतं.

अब्बास किआरोस्तामींच्या 'मित्राचं घर कुठंय' (१९८७) या इराणी चित्रपटात तर हा मुद्दा इतका उघड आहे की थक्क व्हायला होतं. आठेक वर्षांचा अहमद चुकून वर्गमित्राची वही घरी घेऊन आलाय. ती आज परत गेली नाही तर मित्राला शाळेतून काढतील. पोराला घाई आहे. वाटेत आजोबा त्याला थांबवतात आणि घरून सिगारेटी आणायला पिटाळतात. पोरगा गेल्यावर कळतं की सिगारेटी त्यांच्या खिशात आहेतच. पोराला शिस्त लागावी म्हणून त्यांनी त्याला पळवलं. वाट पाहायला लावणं ही सत्ता आहे, आणि ती सत्ता गाजवायला काही कारणही लागत नाही, हे मी एवढ्या कमी शब्दांत कुठंच वाचलेलं नाही.

नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'त (२०१३) डुकरामागे धावणाऱ्या कुटुंबाचा तो लांबच लांब प्रसंग आठवा. गाव कठड्यावर बसून हसतंय, जब्या शालूच्या नजरेपासून तोंड लपवतोय, आणि डुक्कर आता हाती लागणार तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. सगळं घरदार जागच्या जागी ताठ उभं राहतं. डुक्कर निघून जातं. या प्रसंगावर पुष्कळ लिहिलं गेलंय, तरी मला तो प्रत्येक वेळी नव्यानं बोचतो, तो लांबीमुळं. पाठलाग दोन मिनिटांत उरकला असता तर हातातून गेलेलं डुक्कर हा विनोद झाला असता. आपण त्या कुटुंबाबरोबर इतका वेळ धावलेलो असतो की थांबण्याची किंमत अंगाला कळते.

आणि 'कोर्ट'. लोकशाहीर नारायण कांबळेंवर आरोप असा की त्यांच्या गाण्यामुळं एका गटार कामगारानं आत्महत्या केली. खटला रेंगाळतो. कॅमेरा एका जागी ठेवलेला. वकीलबाई एका सुरात कलमं वाचतायत. मधेच एका बाईचं प्रकरण, तिनं बिनबाह्यांचे कपडे घातले म्हणून, पुढं ढकललं जातं. याला लोक संथ म्हणतात. पण कांबळेंची कोठडीतली वाट चित्रपट जवळजवळ दाखवतच नाही. तो दाखवतो ते ज्यांना वाट पाहावी लागत नाही त्यांचे दिवस: सरकारी वकीलबाईंचा स्वयंपाक आणि नाटक, बचावाच्या वकिलाची खरेदी. शेवटी उन्हाळ्याची सुट्टी लागते. आरोपी आत, कोर्ट बंद, दिवे मालवले जातात, पडदा बराच वेळ काळा. आपल्याला वाटतं संपलं. आणि मग कॅमेरा न्यायाधीश सदावर्ते यांच्याबरोबर सहलीला जातो. रिसॉर्टच्या बाकावर ते डुलकी काढतायत. पोरं ओरडून त्यांना दचकवतात, आणि ते एकाच्या थोबाडीत देतात. तिकडं कोठडीत काळ थांबलाय आणि इथं झोप मोडली म्हणून संताप. हे दोन काळ शेजारी ठेवायला ताम्हाणेंना एकही संवाद लागला नाही.

३. सगळी वाट सारखी नसते

इथं माझाच मुद्दा मला थोडा दुरुस्त करावा लागेल, कारण रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' पाहिल्यावर तो जरा डळमळला. जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात या मराठी चित्रपटाला ज्युरींचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. वडील वारले म्हणून मुंबईहून गावी आलेला आनंद, आणि सुतकाचे दहा दिवस. पाव्हण्यांचा एकच घोशा, लग्न कधी करणार. पण तेच दहा दिवस कोणालाही कापता येत नाहीत, रीतच आहे. कामावर जायचं नाही, कुठं पळायचं नाही. त्या सक्तीच्या रिकाम्या वेळात बालपणीचा सोबती बाळ्या आणि तो पुन्हा जवळ येतात. म्हणजे लादलेली वाट कधीकधी सुट्टीही असते. सुतक त्यांना आडोसा देतं. ज्या समाजानं त्यांना एकत्र राहू दिलं नसतं, त्याच समाजाच्या रीतीनं त्यांना दहा दिवस दिले. हे मी आधी धरलंच नव्हतं.

पायल कपाडिया यांच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'मध्ये, ज्याला २०२४ साली कान महोत्सवात ग्रां प्री मिळालं, वाट पाहण्याच्या दोन तऱ्हा शेजारी शेजारी आहेत. प्रभा ही नर्स जर्मनीत गेलेल्या नवऱ्याची वाट पाहते, आणि एक दिवस नवऱ्याऐवजी भात शिजवायचा परदेशी कुकर येतो. छाया कदम यांनी उभी केलेली पार्वती मात्र वाट पाहून संपलेली बाई आहे. मुंबईतल्या घराचे कागद नाहीत, बिल्डर उठवतोय, आणि ती चंबूगबाळं आवरून रत्नागिरीकडच्या गावी निघते. मला पार्वती जास्त आवडली. दिग्दर्शिकेचा जीव प्रभामध्ये अडकला असावा.

४. लक्ष देण्याचं कौशल्य कोणापाशी आहे?

आता दुसरी समजूत, आपल्याकडचा माणूस टिकायचा नाही ही. असा चित्रपट पाहायला लागतं काय? फार शिक्षण लागत नाही. लागतं ते एका गोष्टीकडं पाहत राहून तिच्यातला बारीक बदल टिपणं. हे कोणाला येतं? जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत सळयांच्या कारखान्यात उभा असलेला कामगार तापलेल्या लोखंडाच्या रंगावरून ते कितपत तापलंय हे सांगतो. कपाशीच्या पानाची कड पाहून बाई सांगते की रोग आलाय. बाजारात बैल घेणारा अर्धा तास नुसता बैलाच्या चालण्याकडं पाहतो. या पाहण्याला आपण कधी रसिकता म्हटलं नाही, हा आपला दोष.

बेल्जियमच्या शांताल आकरमन यांचा 'जान दिलमान' (१९७५) घ्या. तीन तास वीस मिनिटांच्या या चित्रपटात एक बाई तीन दिवस घरकाम करते. बटाटे सोलते, भांडी घासते, अंथरूण घालते. २०२२ साली 'साइट अँड साउंड' मासिकानं जगभरच्या समीक्षकांचा कौल घेतला तेव्हा हा पहिला आला, आणि जगभर कपाळाला आठ्या पडल्या. पण पहिला दिवस नीट पाहिला असेल तर दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजले एवढ्यानं पोटात गोळा येतो. काही तरी बिघडलंय. माझ्या घरी हा चित्रपट मी तुकड्यातुकड्यानं पाहत होतो. आई येता-जाता पाहायची. बटाटे जास्त शिजले तेव्हा मी काही पकडलं नव्हतं. आई म्हणाली, "हिचं चित्त ठिकाणावर नाही आज." तिनं आयुष्यात कधी चित्रपट-रसग्रहणाचं शिबिर केलेलं नाही.

बेला तार यांच्या 'द ट्युरिन हॉर्स'मध्येही (२०११) बटाटेच आहेत. या युरोपियन मंडळींचं बटाट्यावाचून काही अडतं का कोण जाणे. बाप, लेक, म्हातारा घोडा, बाहेर न थांबणारं वारं, जेवायला रोज एक उकडलेला बटाटा. मग एका सकाळी विहीर आटलेली असते. बिऱ्हाड गाड्यावर लादून ते निघतात, टेकडीपलीकडं जातात, आणि परत येतात. का परत आले हे चित्रपट सांगत नाही. परदेशी समीक्षकांनी त्यावर नीत्शेपासून जगबुडीपर्यंत पानंच्या पानं लिहिली. ज्यानं २०१२-१३च्या दुष्काळात आपल्या मोसंबीच्या बागेचं सरपण होताना पाहिलं, त्याला त्या परतण्याचं कोडं पडणार नाही. जायचं कुठं, हा प्रश्न त्यानं गाडीवर सामान लादून पाहिलेला असतो.

मराठीत याच जातीचं पाहणं मला सतीश मनवर यांच्या 'गाभ्रीचा पाऊस'मध्ये (२००९) दिसतं. शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिल्यावर अलका आपल्या नवऱ्यावर पाळत ठेवते. गोडधोड करते, पोराला त्याच्यामागं पाठवते, दोर कुठं ठेवलाय ते पाहते. आपणही तिच्या नवऱ्याच्या, किसनाच्या, प्रत्येक हालचालीकडं तिच्या नजरेनं पाहायला लागतो. आणि त्या पाहण्यात हसूही फुटतं, हे विशेष. जयंत सोमलकरांचा 'स्थळ' चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात, गावातल्याच माणसांना घेऊन केलेला. मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम त्यात पुन्हा पुन्हा होतो. तेच प्रश्न, तोच चहा, तीच मान खाली. तिसऱ्या खेपेला प्रेक्षक वैतागतो. सविताही वैतागलेली आहे. तिकडं बापाच्या कापसाला भाव नाही. दोन्ही बाजारांतली वाट एकच आहे, हे प्रेक्षकाच्या वैतागातूनच कळतं. ती पुनरावृत्ती कापली असती तर नुसती माहिती हाती लागली असती.

५. ताण

मग संथ ते सगळं चांगलं काय? अजिबात नाही. महोत्सवांमध्ये आळशी चित्रपट ढिगानं पाहिलेत. खिडकीशी उभी बाई, पाऊस, चहाचा कप, आणि दिग्दर्शकाला पुढं काय करायचं ते ठाऊक नाही. फरक कसा ओळखायचा? याला मला जगातल्या कुठल्या सिद्धांतापेक्षा आमच्या बागाइतदाराचा शब्द जास्त उपयोगी वाटतो.

जालना जिल्हा मोसंबीचा. बदनापूरला मोसंबीचं संशोधन केंद्रही आहे. मोसंबीला आंबे बहार धरायचा तर थंडीच्या सुरुवातीला झाडाचं पाणी तोडतात. याला ताण देणं म्हणतात. झाड वाढ थांबवतं, आत अन्न साठवतं, पानं पिवळी पडून काही गळतात. मग ताण तोडतात. पहिलं पाणी हलकं, एकदम भरपूर नाही. आणि जानेवारी-फेब्रुवारीत झाड फुलांनी लगडतं. पाणी सतत दिलं असतं तर पाला माजला असता, फूल धरलं नसतं. पण ताणाचा हिशेब जमिनीवर असतो. हलक्या जमिनीत थोडे दिवस पुरतात, भारी काळ्या जमिनीत जास्त लागतात. ज्याला जमीन कळत नाही तो ताणाच्या नावाखाली झाड वाळवतो.

चित्रपटातला चांगला संथपणा हा असा ताण आहे. दिग्दर्शक माहिती, संगीत, संवाद यांचं पाणी तोडतो, ते प्रेक्षकाच्या आत काही तरी साठावं म्हणून. आणि केव्हा सोडायचं ते त्याला ठाऊक असतं. 'फँड्री'त शेवटी जब्यानं आपल्याच दिशेनं भिरकावलेला धोंडा म्हणजे तोडलेला ताण. 'कोर्ट'मध्ये थप्पड. आळशी चित्रपट पाणी तोडतो आणि विसरून जातो. उलट टोकाला, मराठवाड्याचाच विषय असलेला आदिनाथ कोठारेंचा 'पाणी' (२०२४) मला पुरेसा ताण न दिलेला वाटला. नांदेड जिल्ह्यातल्या नागदरवाडीची, हनुमंत केंद्रे यांनी उभ्या केलेल्या कामाची गोष्ट, म्हणजे कस असलेली भारी जमीन. पण नायकाचा विजय जवळ आणण्याची घाई जाणवते. पाणी नाही म्हणून लग्न मोडतं हे कळतं. पाणी नसण्याचा एक अख्खा दिवस मात्र अंगावर येत नाही.

६. तीन आक्षेप

पहिला आक्षेप सगळ्यांत जड आहे, आणि तो समीक्षकांनी घेतलेला नाही. "आम्ही दिवसभर हेच भोगतो. तिकीट काढून पुन्हा तेच कशाला पाहायचं?" या माणसाला करमणूक हवी आहे, आणि तो त्याचा हक्क आहे. दिवसभर उन्हात राबलेल्याला रात्री नाच-गाणं नाकारून आकरमन दाखवणारा मी कोण? माझं उत्तर अर्धंच आहे. भोगताना माणूस पाहत नसतो. बाकड्यावर बसलेला माणूस आपल्या फायलीच्या काळजीत असतो. शेजारी बसलेले वीसजण त्याला दिसत नाहीत. पडद्यावर तेच बाकडं दिसलं की पहिल्यांदा त्याला रांग दिसते, आणि रांगेत नसलेला माणूसही दिसतो. याला करमणूक म्हणता येणार नाही, पण 'पुन्हा तेच' हेही नाही. तरीही ज्याला नको त्याला नको. मला राग आहे तो त्याच्या वतीनं 'आपल्याकडं कोण पाहणार' म्हणून परस्पर निकाल देणाऱ्यांचा.

दुसरा आक्षेप जुना. हे लोक आपली गरिबी परदेशात विकतात. १९८० साली राज्यसभेच्या सदस्य असलेल्या नर्गिस यांनी सत्यजित राय यांच्यावर हाच आरोप केला होता. गंमत म्हणजे 'मदर इंडिया'तली राधा त्यांनीच केली होती, आणि तो चित्रपटही ऑस्करला गेला होता. गरिबी दाखवणं खटकत नाही. ती दाखवताना नाट्य कमी पडलं की खटकतं. पण आक्षेपात एक खरा कण आहे. काही चित्रपट पाहताना वाटतं की हा धुरळा, ही भेगाळलेली जमीन कोणा दूरच्या परीक्षकासाठी मांडून ठेवली आहे. ओळखायची खूण सोपी आहे. त्यातल्या माणसांना विनोद येतो का? अलकाला येतो. जब्याच्या बापालाही चिडण्याआड येतो. नुसत्या दुःखानं भरलेला माणूस मी जालना जिल्ह्यात अजून पाहिला नाही.

तिसरा आक्षेप धंद्याचा. प्रेक्षकच नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी अशा चित्रपटाला मिळालाच तर एखादा खेळ, तोही दुपारचा, आणि आठवडा भरायच्या आत उतरवलेला. मग प्रेक्षक नाही म्हणायचं. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' (२०१६) हा महाराष्ट्रातल्या फिरत्या टुरिंग टॉकीजवरचा माहितीपट आहे. त्यात जत्रेतल्या तंबूत रीळ तुटतं, प्रोजेक्टर बिघडतो, आणि माणसं पोरंबाळं मांडीवर घेऊन जमिनीवर बसून राहतात. एवढी सहनशील प्रेक्षकसंस्था जगात कुठं असेल? आणि 'सैराट'चा शेवट आठवा. रक्तानं माखलेल्या पावलांचं ते लेकरू, आणि आवाज पूर्ण बंद. २०१६च्या उन्हाळ्यात अख्ख्या महाराष्ट्रानं, शिट्ट्या मारणाऱ्या पोरांसकट, ती शांतता श्वास रोखून सोसली. कोणी 'संथ आहे' म्हणाल्याचं ऐकलं नाही.

याच हट्टातून आम्ही काहीजण महिन्यातून एकदा, बियाण्याच्या दुकानावरच्या एका खोलीत, भिंतीवर चित्रपट लावतो. वीस-बावीस खुर्च्या, अर्ध्या रिकाम्या. गेल्या उन्हाळ्यात 'कोर्ट' लावला. पडदा काळा झाला तेव्हा निम्मे लोक संपलं समजून चपला शोधायला लागले, ते पुन्हा बसले. सगळं उरकल्यावर चर्चा सुरू झाली. एका प्राध्यापकांनी फार चांगलं विवेचन केलं, पण चित्रपट थोडा आटोपता हवा होता असं त्यांचं मत पडलं. मागं भोकरदन तालुक्यातले एक गृहस्थ बसले होते. बांधाच्या वादात एकोणीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढतायत. त्यांना विचारलं, तुम्हाला कसा वाटला?

"सगळं बरोबर आहे," ते म्हणाले. "फक्त तारखा लय लवकर लवकर पडू राहिल्या."